मेंढी ते मणी

आईची बोटं सकाळी उठल्यावर आखडलेली असायची. "वात आहे, दुसरं काय!" म्हणत ती चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्टवर लिहून आलं, 'आर. ए. लॅटेक्स : पॉझिटिव्ह'. लॅटेक्स म्हणजे रबराचा चीक ना? तो रक्ताच्या तपासणीत कशाला? शोधायला बसलो, तर एक सुरस कहाणीच हाती लागली.

र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस झालेल्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात एक विचित्र अँटिबॉडी असते. ती आपल्याच शरीरातल्या इतर अँटिबॉडींना जाऊन चिकटते. ती ओळखण्याची युक्ती १९४० मध्ये नॉर्वेच्या एरिक वालर यांना आणि १९४८ मध्ये अमेरिकेत हॅरी रोझ व त्यांच्या सहकाऱ्यांना सापडली. पण त्यासाठी मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी लागत, आणि त्याही ताज्या! आता प्रत्येक लॅबने मेंढी कुठून आणायची?

मार्ग निघाला प्लॅस्टिकमधून. डाऊ कंपनीच्या पॉलिस्टायरीन लॅटेक्समध्ये, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म मण्यांच्या दुधट द्रवात, सगळे मणी जवळजवळ एकाच मापाचे असतात, हे १९४० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसलं होतं. १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या सिंगर आणि प्लॉट्झ या डॉक्टरांनी हे मणी घेतले. मण्याचा व्यास ०.८१ मायक्रॉन, केसाच्या जाडीचा साधारण शंभरावा भाग! अँटिबॉडी पॉलिस्टायरीनवर आपणहून चिकटून बसतात, त्यामुळे मण्यांवर त्यांचा लेप चढवणं सोपं होतं. मग त्यात रुग्णाच्या रक्ताचा सीरम घालायचा. त्यात ती विचित्र अँटिबॉडी असेल, तर तिचे अनेक हात एकेका मण्याला धरतात, मणी एकमेकांत गुंततात आणि नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या दिसू लागतात. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट नुसत्या डोळ्यांनी दिसते! शिवाय हे मणी बाटलीत भरून ठेवता येतात. मेंढीची गरज संपली.

पुढे १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या क्लिअरब्लूच्या घरगुती गर्भचाचणीतही अँटिबॉडी लावलेले निळे मणीच होते. गोड बातमी देणारी ती निळी रेघ म्हणजे त्या मण्यांची रांग!

मात्र पॉझिटिव्ह म्हणजे रोग पक्का, असं नव्हे. काही निरोगी माणसांतही ही अँटिबॉडी सापडते. म्हणून आईच्या डॉक्टरांनी तिची बोटं तपासली, एक्स-रे काढला, मगच औषध सुरू केलं. आता ती कप एका हाताने धरते. "वात नव्हता तर!" एवढंच म्हणाली.