कुसळाचा घाव

"दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही." ही म्हण ज्यानं केली, त्यानं माणदेशाचा माळ उन्हाळ्यात तुडवला नसावा. नाहीतर कुसळाला त्यानं एवढं हलकं मानलं नसतं.

माण, खटाव, आटपाडी, जत हा मेंढरांचा मुलूख, म्हणून कुत्र्यांचाही. जत-मुधोळ पट्ट्यातली कारवानी कुत्री मुधोळच्या राजे मालोजीराव घोरपड्यांनी जोपासली, इंग्लंडच्या राजाला पिल्लं भेट दिली. 2005 साली या जातीचं टपाल तिकीटही निघालं. पण लांडग्यापुढं उभं राहणाऱ्या या कुत्र्यांना गवताची एक काडी लंगडं करायची, ते कुठं लिहिलेलं नाही.

पावसाळा सरला की माळावरची कुसळी वाळते. तिच्या बियाला सुईसारखं टोक, त्यावर मागं वळलेली बारीक लव आणि वर पीळ पडलेली लांब शेपटी. ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो. त्या फिरण्यानं बी जमिनीत रुजतं. तेच कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात शिरलं की मांसात पुढं सरकतं. लवेमुळं मागं येत नाही.

१९७२ च्या दुष्काळात माळ बोडका झाला होता. पुढं पाऊस झाला आणि कुसळी पुन्हा माजली. आमच्या वाघ्याला आज्जा रोज सांजच्याला कंदिलापाशी आडवा करायचा. पंजे चाचपायचा, बेचक्या उघडायचा, मग कान, मग काखा. "कुत्र्याचं पाय बघितल्याबिगर भाकरीला हात लावायचा न्हाई," हा त्याचा दंडक.

एका उन्हाळ्यात आज्जा चार दिवस पाहुण्यांच्या गावाला गेला. काम माझ्याकडं आलं. मी दोन दिवस केलं, दोन दिवस चुकवलं. आज्जा आला तेव्हा वाघ्या पुढचा पाय चाटत होता, बेचकीत लाल गाठ आलेली. आम्ही काटा समजून हळद-तेल लावलं. पुढं सूज मनगटावर चढली. जनावरांच्या डॉक्टरांनी ती चिरली, तेव्हा पुवातून अख्खं कुसळ निघालं. वाघ्या जगला, पण पाय अधू झाला. त्या पावसाळ्यात लांडग्यानं दोन कोकरं नेली. वाघ्या भुंकत निघाला होता, पण पोचला नाही.

आज्जा मला रागावला नाही. एवढंच म्हणाला, "त्येला हात न्हाईत बाबा. म्हणून तर आपल्याला दिल्यात."

आता साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर सकाळी कुत्री घेऊन फिरायला येणारे दिसतात. त्यांना मी सांगतो: उन्हाळ्यात बेचकीतले केस कापा, वाळल्या गवतात सोडू नका, घरी आल्यावर पंजे आणि कान बघा. कुत्रं एकाच बाजूला मान झटकू लागलं, एकाएकी शिंकू लागलं, नाहीतर एकच पाय चाटत बसलं, तर घरी तेल घालत बसू नका, डॉक्टर गाठा. काही जण हसतात. मग मी त्यांच्या कुत्र्यापाशी खाली बसतो आणि त्याचा पंजा हातात घेतो.