मॅकार्टनी, जॉर्ज

(१४ मे १७३७–३१ मे १८०६). आयरिश मुत्सद्दी व मद्रासचा गव्हर्नर. जन्म अँट्रिम परगण्यातील लिसनूर येथे. शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात. रशियातील ब्रिटिश वकील (१७६४–६७) व आयर्लंडचा मुख्य सचिव (१७६९–७२) या पदांनंतर तो वेस्ट इंडीजमधील ग्रेनेडाचा गव्हर्नर झाला. तेथे १७७९ मध्ये तो फ्रेंचांच्या हाती सापडला.

हैदर अलीशी युद्ध चालू असता १७८१ मध्ये तो मद्रासला आला. नजराणे घेण्याची कंपनीच्या अधिकाऱ्यांतील रूढ प्रथा त्याने कटाक्षाने टाळली. लष्कर मुलकी सत्तेच्या अधीन असावे, या आग्रहापोटी त्याने सेनापती स्ट्यूअर्ट यास अटक करविली (१७८३). सालबाईच्या तहानुसार (१७८२) हैदरकडून इंग्रजांचे कैदी व प्रदेश सोडविण्याची जबाबदारी पेशव्यांवर होती. तथापि मॅकार्टनीने मराठ्यांना वगळून टिपूशी मंगळूरचा तह केला (१७८४). त्यामुळे नाना फडणीस व वॉरन हेस्टिंग्ज दोघेही नाराज झाले. युद्धखर्चासाठी मिळविलेले कर्नाटकाच्या महसुलाचे हक्क नबाबाला परत देण्याचा हुकूम येताच त्याने राजीनामा दिला (१७८५). पुढे स्ट्यूअर्टशी झालेल्या द्वंद्वयुद्धात तो जखमी झाला (१७८६).

चीनमधील त्याची शिष्टाई (१७९२–९४) निष्फळ ठरली. सम्राट च्येनलुंगने व्यापारी सवलती नाकारल्या. केप वसाहतीचे गव्हर्नरपद (१७९७–९८) प्रकृतीमुळे सोडून तो मायदेशी परतला. चिझिक येथे त्याचे निधन झाले. निःस्पृहतेबद्दल त्याचा लौकिक होता. मात्र सहकाऱ्यांशी जुळवून घेण्याची वृत्ती नसल्याने त्याच्या मद्रासमधील कारभाराला स्थैर्य लाभले नाही.