बारा जानेवारी : एक तारीख, दोन कालगणना

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथे दरवर्षी १२ जानेवारीस जिजाऊ जन्मोत्सवासाठी मोठा जनसमुदाय जमतो. लखुजी जाधवरावांच्या या कन्येचा जन्म पौष पौर्णिमा, शके १५१९, म्हणजे १२ जानेवारी १५९८ रोजी झाला, असे मानले जाते. स्वामी विवेकानंदांची जन्मतारीख १२ जानेवारी १८६३ ही होय. १९८५ पासून हा दिवस राष्ट्रीय युवक दिन म्हणून पाळला जातो. या दोन जयंत्यांच्या एकत्र येण्याचे कौतुक होते. परंतु या योगाचे स्वरूप तपासून पाहण्याजोगे आहे.

ग्रेगरीय कालगणना १५८२ मध्ये सुरू झाली. इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन गणनाच चालविली. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी सतराव्या शतकातील तारखा रूढीने जुन्या गणनेप्रमाणे दिल्या आहेत. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ आणि जिजाबाईंच्या निधनाची १७ जून १६७४ या तारखा त्याच गणनेतील होत. चांद्रमासाचे मान धरून मागे मोजत गेल्यास शके १५१९ ची पौष पौर्णिमा जुन्या गणनेच्या १२ जानेवारीस, तर नव्या गणनेच्या २२ जानेवारीस येते. विवेकानंदांची तारीख नव्या गणनेची आहे. अर्थात आकडा एकच असला, तरी सौर वर्षातील ते दिवस दहा दिवसांनी भिन्न ठरतात. तिथीही एक नाही : एक जन्म पौर्णिमेचा, दुसरा पौष वद्य सप्तमीचा.

याच जिल्ह्यातील शेगावची रीत निराळी आहे. गजानन महाराजांचा प्रकटदिन माघ वद्य सप्तमीस व पुण्यतिथी ऋषिपंचमीस साजरी होते. २३ फेब्रुवारी १८७८ आणि ८ सप्टेंबर १९१० या तारखा ज्ञात असूनही उत्सव तिथीनेच चालतो. रामकृष्ण मठातही विवेकानंदांची जन्मतिथी पाळली जाते. शासन मात्र तारीख पाळते.

भाषेतही या द्वैताची खूण उमटली आहे. ‘तारीख’ या मूळ अरबी शब्दाचा दिनांक हा जसा अर्थ आहे, तसाच इतिहास हाही आहे. उलट ‘पुण्यतिथी’ तारखेने पाळली, तरी तिच्यातील तिथी सुटत नाही.

यामुळे सिंदखेडच्या उत्सवाचे महत्त्व उणावत नाही. स्मरणाचा दिवस समाज निवडतो व तो निर्णय स्वतःच इतिहासाचा विषय होतो. मात्र स्मरणाचा दिवस आणि घटनेचा दिवस यांची गल्लत संशोधकाने करू नये. १७५२ पूर्वीची तारीख देताना तिथी, शक आणि कालगणना या तिन्हींचा निर्देश करणे, हाच त्यावरील साधा उपाय होय.