पुढचा आस धरायचा कोणी? जीपच्या पाट्यांपासून कंट्रोल आर्मपर्यंत

१/१२
२३ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या कॅम्प होलाबर्ड या लष्करी तळावर एक छोटी, उघडी, चौकोनी गाडी दाखल झाली. लष्कराने दिलेली मुदत अवघी ४९ दिवसांची होती. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या आराखड्यावरून अमेरिकन बँटम कंपनीने ती तयार केली होती. तिच्याच वंशात पुढे विलीस आणि फोर्ड यांची जीप जन्मली. महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप बनल्या.

२/१२
या गाडीपुढचा एक प्रश्न आजही डोंगरवाटेवरच्या प्रत्येक गाडीपुढे उभा असतो: खाचखळग्यांत वरखाली होणारा पुढचा आस जागेवर धरून ठेवायचा कोणी? जीपने दिलेले उत्तर घोडागाडीच्या काळापासून चालत आलेले होते. टांग्याला असतात तसे पोलादी पाटे. पाट्यांची दोन्ही टोके चॅसीला आणि मध्यभागी आस आवळलेला. स्वस्त, दणकट आणि कुठल्याही लोहाराला समजेल अशी ही रचना.

३/१२
मात्र या रचनेत एकाच पाट्यावर दोन कामे पडत. गाडीचे वजन झेलायचे म्हणजे पाट्याने लवायला हवे. आस जागेवर धरायचा म्हणजे त्याने ताठ राहायला हवे. मऊ पाटा ब्रेक लागताच पिळवटतो, ताठ पाटा प्रवाशांची हाडे खिळखिळी करतो. युद्धकालीन जीपच्या पुढच्या डाव्या बाजूला आसाचा पीळ रोखण्यासाठी एक जादा पाटा बसवावा लागला. दोन कामांतला हा तंटा तेव्हाच उघड झाला होता.

४/१२
शहरी मोटारींनी त्यावर वेगळा मार्ग काढला. १९३४ च्या सुमारास जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांच्या प्रयत्नांतून पुढची दोन्ही चाके परस्परांपासून स्वतंत्र करणारी रचना आली. प्रत्येक चाकाला वर-खाली एकेक आर्म आणि वजनासाठी कॉइल स्प्रिंग. दुर्गम वाटांवरच्या गाड्यांनी मात्र अखंड आस सोडला नाही. एक चाक दगडावर चढले की अखंड आस दुसऱ्या चाकाला खाली दाबतो आणि चाकासोबत डिफरन्शियलही वर उचलले जाते.

५/१२
मग अखंड आस ठेवून पाटे तेवढे काढता येतील का? कॉइल स्प्रिंग वजन उत्तम झेलते, पण आसाला पुढेमागे सरकण्यापासून रोखण्याची ताकद तिच्यात नसते. त्यासाठी वेगळे दांडे हवेत. फोर्डने १९६६ च्या ब्रॉन्कोत पुढे कॉइल स्प्रिंग आणि दोन रेडियस आर्म दिले. १९७० साली ब्रिटनमध्ये स्पेन किंग आणि गॉर्डन बॅशफर्ड यांच्या रेंज रोव्हरने चारही चाकांना कॉइल स्प्रिंग दिल्या. वजन झेलणे आणि आस धरणे ही कामे आता विभागली गेली.

६/१२
जीपच्या घराण्यात हा बदल १९८४ च्या चेरोकीने आणला. अमेरिकन मोटर्समध्ये तिच्या अभियांत्रिकीची धुरा वाहणारे रॉय लन यांनी त्याआधी फोर्डच्या जीटी ४० या शर्यतीच्या मोटारीवर काम केले होते. चेरोकीच्या पुढच्या आसाला चार कंट्रोल आर्म होते, दोन वर आणि दोन खाली. आस डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा ट्रॅक बार होता. १९९७ च्या रँग्लरनेही पाट्यांना निरोप देऊन हीच मांडणी स्वीकारली.

७/१२
ब्रेक दाबला की जमीन चाकांना मागे ढकलते. खालचे दोन आर्म दाबले जातात आणि वरचे दोन ताणले जातात. चाक दगडावर आदळले की तो धक्काही मुख्यतः खालच्या आर्मवर येतो. कारखान्यातून आलेले हे आर्म पत्रा दाबून घडवलेले आणि टोकांना रबरी बुश असलेले होते. त्यामागे काटकसर होती, तसेच रस्त्याचा थरथराट प्रवाशांपर्यंत पोहोचू न देण्याचा हेतूही होता.

८/१२
रबर म्हातारे होते. बुश सैल पडले की काही मिलिमीटरची ढिलाई निर्माण होते आणि आस आपली जागा सोडू लागतो. एखाद्या खड्ड्यानंतर दोन्ही पुढची चाके आणि स्टिअरिंग भयंकर थरथरू लागतात. अमेरिकेतल्या जीपवाल्यांनी याला ‘डेथ वॉबल’ असे नाव दिले. दोष नेहमी कंट्रोल आर्मचाच असतो असे नाही. ट्रॅक बार, बॉल जॉइंट किंवा टायरही कारणीभूत असू शकतात. म्हणून आधी तपासणी, मग खरेदी.

९/१२
याच काळात गाडी उंच करण्याची हौस फोफावली. गाडी उचलली की आर्म तिरके होतात, आस मागे ओढला जातो आणि कॅस्टर घटतो. कॅस्टर म्हणजे सायकलच्या पुढच्या चिमट्याला असतो तो मागचा कल. त्यामुळेच चाक आपोआप सरळ होते. बिघडलेला कल सावरण्यासाठी लांब आर्म आले आणि नवे आर्म म्हणजे उंचीची जोडवस्तू, असा समज रुजला.

१०/१२
मूळ उंचीच्या गाडीचे गणित निराळे असते. तिचे आर्म जवळजवळ आडवे असतात, भूमिती शाबूत असते. तिला लांबी नको, बळ हवे: जाड नळीचे खालचे आर्म, ताजे बुश आणि कॅस्टर जुळवण्याची थोडी सोय. जॉन करी यांनी घडवलेल्या ‘जॉनी जॉइंट’मध्ये गोल चेंडूभोवती पॉलियुरेथेनसारख्या द्रव्याचे कवच असते. तो अधिक वळतो, त्यात ग्रीस भरता येते, तो उघडून दुरुस्तही करता येतो. मात्र रबराइतका थरथराट तो गिळत नाही.

११/१२
प्रत्येक लाभाची किंमत असते. रँग्लरचा कॅस्टर मुळात सुमारे ७ अंशांचा. तो आणखी वाढवला की पुढच्या डिफरन्शियलचे तोंड खाली झुकते आणि प्रोपेलर शाफ्टच्या सांध्याचा कोन बिघडतो. रबरी बुशचे बोल्ट चाके लटकती ठेवून आवळले, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते व लवकर फाटते. म्हणून गाडीचा भार चाकांवर घेऊनच शेवटचा पीळ द्यायचा आणि नंतर व्हील अलाइनमेंट करायचे.

१२/१२
या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. मुंबईच्या माझगावात महिंद्रांनी विलीस जीपची जुळणी सुरू केली, तीही पाट्यांचीच. २०२० साली नाशिकच्या कारखान्यातून आलेल्या थारने पुढे दुहेरी विशबोन स्वीकारले आणि अखंड आस फक्त मागे ठेवला. तिचे पुढचे आर्म एकेका चाकाला धरतात, त्यामुळे चेरोकीचा उपाय तिला जसाच्या तसा लागू होत नाही. कॅम्प होलाबर्डच्या त्या उघड्या गाडीपासून प्रश्न मात्र एकच राहिला आहे: चाक कितीही उसळो, त्याला जागेवर कोण धरतो? गाडीची उंची दुरूनही दिसते. तिला वाटेवर ठेवणारा बुश पाहायचा तर गाडीखाली वाकावे लागते.