रमाबाई नगरचा चौदा वर्षांचा चित्रपट

श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि १९८३ साली गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ आला. त्यातला सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर रामा शेट्टीला हात लावू शकत नाही, कारण शेट्टीला राजकारणाचं अभय आहे. अखेर वेलणकर त्याला ठार करतो आणि स्वतः पोलिसांच्या स्वाधीन होतो. भ्रष्ट सत्तेवरचे पुष्कळ गुन्हेपट याच वाटेने गेले: व्यवस्था न्याय देत नाही, मग एकटा माणूस हिशेब चुकता करतो. प्रेक्षक दोन-अडीच तासांत मोकळा होतो.

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरला असं मोकळं होता आलं नाही.

११ जुलै १९९७. सकाळी वस्तीतल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली दिसली. संतापलेली माणसं पूर्व द्रुतगती महामार्गावर जमली. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि दहा जण मेले. जमाव गॅसचे टँकर पेटवायच्या बेतात होता, असं पोलिसांचं म्हणणं. राज्यात तेव्हा शिवसेना-भाजप युतीचं सरकार होतं. सरकारने नेमलेल्या न्या. गुंडेवार आयोगाने मात्र गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि तुकडीचे उपनिरीक्षक मनोहर कदम यांच्यावर ठपका ठेवला.

शाहीर विलास घोगरे मुलुंडच्या झोपडपट्टीत राहत. आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ या १९८५ च्या माहितीपटात त्यांचा आवाज आहे. डाव्या चळवळीतून आलेल्या या गायकाने गोळीबारानंतर चौथ्या दिवशी, १५ जुलैला, आपलं जीवन संपवलं. जाताना त्यांनी डोक्याला निळी, आंबेडकरी चळवळीच्या रंगाची पट्टी बांधली होती. मित्राच्या या मृत्यूपासून पटवर्धनांनी कॅमेरा हाती घेतला, तो चौदा वर्षं खाली ठेवला नाही.

त्यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट २०११ मध्ये पुरा झाला. तीन तासांहून लांब. टँकरच्या दाव्याची त्यात बारकाईने उलटतपासणी होते, गुन्हेपटाला शोभेल इतक्या चिकाटीने. पण चित्रपटाचं बळ तपासाच्याही पलीकडे आहे. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांच्याकडे तो वर्षानुवर्षं परत जातो. जलशांमध्ये, भीमगीतांमध्ये थांबतो. २००६ च्या खैरलांजीतल्या दलित हत्याकांडापर्यंत पोचतो आणि घोगऱ्यांनंतर डफ हाती घेतलेल्या कबीर कला मंचाच्या पोरापोरींना भेटतो. दुःखाने गप्प झालेली वस्ती त्यात दिसत नाही. गाणारी, प्रश्न विचारणारी दिसते. राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला.

आणि कोर्टात? २००९ च्या मे महिन्यात, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ बारा वर्षांनी, सत्र न्यायालयाने कदम यांना सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला. जन्मठेप आणि जामीन यांच्यामधलं ते अंतर ज्यांनी सोसलं, त्यांच्यासाठी कुणी वेलणकर आला नाही. त्यांनी साक्षी दिल्या, तारखा धरल्या. हे धैर्य गोळी झाडण्याहून मोठं आहे, आणि आपल्या गुन्हेपटांनी ते फार क्वचित पाहिलं.

आता या वस्तीचा पुनर्विकास हाती घेतला आहे. नव्या इमारतींचे आराखडे करणाऱ्यांनी त्या दहा जणांच्या स्मारकाची जागा हलवू नये.