क्राकोवमधील दर्शनीय स्थळे : वास्तूंचे जतन आणि इतिहासाचे वाचन

प्रस्तावना

दक्षिण पोलंडमधील व्हिस्तुला नदीच्या काठी वसलेले क्राकोव हे पोलिश राज्याच्या जुन्या राजधानीचे शहर होय. सोळाव्या शतकाच्या अखेरीस राजा तिसरा सिगिस्मंड याने दरबार वॉर्साला हलविण्यास प्रारंभ केला आणि क्राकोवचे राजकीय महत्त्व ओसरले. दुसऱ्या महायुद्धात वॉर्साचे जुने शहर जवळजवळ संपूर्ण उद्ध्वस्त झाले. क्राकोवच्या वास्तू मात्र बव्हंशी वाचल्या. १९७८ साली युनेस्कोने जाहीर केलेल्या जागतिक वारसा स्थळांच्या पहिल्या बारा नावांत क्राकोवच्या ऐतिहासिक भागाचा समावेश होता. त्यामुळे येथे भूतकाळ जसाच्या तसा टिकून आहे, असा समज प्रवाशांत सहज निर्माण होतो. प्रस्तुत लेखात प्रमुख दर्शनीय स्थळांच्या आधारे या समजाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. वास्तू टिकली म्हणजे इतिहास टिकला असे होत नाही, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

वावेल टेकडी

वावेल टेकडीवर राजवाडा व कॅथेड्रल ही दोन प्रमुख स्थळे आहेत. १३२० मध्ये व्लादिस्लाव लोकिएतेक याचा राज्याभिषेक येथे झाला; विद्यमान कॅथेड्रलचे पवित्रीकरण १३६४ मध्ये झाले. बार्टोलोमेओ बेरेची या इटालियन शिल्पकाराने १५१९ ते १५३३ या काळात उभारलेले सिगिस्मंड प्रार्थनागृह हे आल्प्सच्या उत्तरेकडील प्रबोधनकालीन वास्तुकलेचे उत्कृष्ट उदाहरण मानले जाते. तथापि, आज दिसणारा राजवाडा अखंडपणे जपला गेलेला नाही. पोलंडच्या फाळण्यांनंतर ऑस्ट्रियाच्या अमलात या राजवाड्याचा उपयोग लष्करी बराकींसाठी झाला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सैन्याने तो रिकामा केल्यावर जीर्णोद्धाराचे काम सुरू झाले. पुढे १९३९ नंतर नाझी गव्हर्नर जनरल हान्स फ्रांक याने याच राजवाड्यात आपले ठाणे मांडले. राष्ट्राच्या अस्मितेचे स्थान आणि परकीय सत्तेचे केंद्र अशा दोन्ही भूमिका या एकाच वास्तूने पार पाडल्या आहेत.

मुख्य चौक

१२४१ च्या तार्तार आक्रमणात शहराची मोठी हानी झाली. त्यानंतर १२५७ मध्ये बोलेस्लाव या राजपुत्राने माग्देबुर्ग नगरकायद्यानुसार शहरास सनद दिली आणि सुमारे २०० मीटर लांबी-रुंदीचा विस्तीर्ण चौक आखण्यात आला. चौकाच्या मध्यभागी असलेली कापडबाजाराची इमारत १५५५ च्या आगीनंतर प्रबोधनकालीन शैलीत पुन्हा बांधण्यात आली. १८७९ मध्ये, पोलंड हे स्वतंत्र राज्य नकाशावर अस्तित्वात नसताना, याच इमारतीत राष्ट्रीय संग्रहालयाची स्थापना झाली, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

चौकाच्या कडेस असलेल्या सेंट मेरी चर्चमधील लाकडी वेदी फाइट श्टोस याने १४७७ ते १४८९ या काळात घडविली. १९३९ मध्ये युद्धाच्या भीतीने ती सुटी करून लपविण्यात आली. परंतु नाझींनी ती शोधून जर्मनीत नेली. १९४६ मध्ये ती पोलंडला परत मिळाली आणि १९५७ मध्ये मूळ जागी बसविण्यात आली.

याच चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला वाजणारी तुतारीची धून मध्येच तुटते. १२४१ मध्ये तार्तारांचा बाण पहारेकऱ्याच्या गळ्यात घुसला, त्याची ही स्मृती असल्याचे प्रवाशांना सांगितले जाते. परंतु आजचे चर्च व मनोरा त्या आक्रमणानंतरच्या काळातील असून या धूनविषयीचा सर्वांत जुना लेखी उल्लेख १३९२ चा आहे. ही कथा जगभर पसरली ती एरिक केली या अमेरिकन लेखकाच्या १९२८ मधील कादंबरीमुळे.

तटबंदी आणि विद्यापीठ

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शहराची तटबंदी पाडण्यात आली व तिच्या जागी शहराभोवती उद्यानपट्टा तयार झाला. फ्लोरियन दरवाजा आणि १४९८-९९ मधील बार्बिकन हा बुरूज वाचला, तो प्रामुख्याने फेलिक्स राद्वान्स्की या विद्यापीठातील प्राध्यापकाच्या आग्रहामुळे.

हे विद्यापीठ १३६४ मध्ये राजा तिसरा कासिमिर याने स्थापन केले आणि १४०० मध्ये राणी यादविगाच्या देणगीतून त्याचे पुनरुज्जीवन झाले. कोपर्निकसने १४९१ पासून येथे शिक्षण घेतले. त्याची जुनी इमारत पाहण्यास प्रवासी गर्दी करतात. परंतु ६ नोव्हेंबर १९३९ रोजी व्याख्यानाच्या निमित्ताने बोलावून १८० हून अधिक प्राध्यापक व कर्मचाऱ्यांना अटक करण्यात आली आणि त्यांतील बहुतेकांना साक्सेनहाउसेन येथील छळछावणीत पाठविण्यात आले. त्यांतील काहींचा तेथे अंत झाला. १९४२ पासून विद्यापीठाचे अध्यापन गुप्तपणे चालू राहिले. इमारती शत्रूच्या ताब्यात असतानाही विद्यापीठ जिवंत होते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

काझिमिएझ

१३३५ मध्ये वसविलेल्या काझिमिएझ या वस्तीत १४९५ नंतर क्राकोवमधील ज्यू समाज स्थलांतरित झाला. जुने सिनॅगॉग व सोळाव्या शतकातील रेमू सिनॅगॉग आजही उभे आहेत. महायुद्धापूर्वी शहरात साठ हजारांहून अधिक ज्यू राहत होते. लोकसंख्येच्या सुमारे एकचतुर्थांश इतके त्यांचे प्रमाण होते. मार्च १९४१ मध्ये त्यांना नदीपलीकडील पोदगुर्झे भागातील घेट्टोत कोंडण्यात आले. १९४२ मध्ये हजारोंची बेउझेत्स येथील मृत्यूछावणीत रवानगी झाली आणि १३-१४ मार्च १९४३ रोजी घेट्टो संपविण्यात आला. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या १९९३ च्या ‘शिंडलर्स लिस्ट’ या चित्रपटात घेट्टोची काही दृश्ये काझिमिएझमध्ये चित्रित केल्यामुळे घेट्टो तेथेच होता असा गैरसमज रूढ झाला. प्रत्यक्ष घेट्टोच्या चौकात आज धातूच्या रिकाम्या खुर्च्यांचे स्मारक आहे. वावेलवर वास्तू आहे आणि राजा नाही, याचे दुःख कोणास होत नाही. काझिमिएझमध्ये सिनॅगॉग आहेत आणि ती भरणारा समाज नाही, ही उणीव मात्र कोणताही जीर्णोद्धार भरून काढू शकत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, क्राकोवचा वारसा केवळ सुदैवाने वाचलेला नाही. राज्य नसलेल्या काळात नागरिकांनी घेतलेल्या निर्णयांचे ते फलित आहे. दुसरी, कादंबरी व चित्रपट यांनी निर्माण केलेल्या कथा मूळ पुराव्यापेक्षा अधिक प्रभावी ठरतात. तिसरी, स्थळदर्शनात जे दिसते त्याइतकेच जे उरलेले नाही तेही इतिहासाचे साधन असते. ऐतिहासिक स्थळांच्या अभ्यास सहलींत विद्यार्थ्यांना ‘येथे काय आहे’ या प्रश्नाबरोबरच ‘येथे कोण होते आणि ते आज का नाहीत’ हा प्रश्न विचारावयास शिकविणे, हे इतिहासाच्या अध्यापकाचे कर्तव्य ठरते.