धूळ, धुकं आणि खांद्यावरचे टायर

जाडजूड कोट घाला आणि कान झाका. साल आहे १९११, महिना जानेवारी. तुम्ही बार्सिलोनाला खेटून असलेल्या सारिया गावात उभे आहात. आज तीन राजांचा सण. रात्री राजे येऊन पोरांसाठी खेळणी ठेवून गेलेत, त्यामुळे दारोदारी पत्र्याच्या पिपाण्या आणि छोटे ढोल चालू आहेत. त्या कलकलाटातून कोपराने वाट काढत पुढे सरका. सायकली तिकडे आहेत.

वास आला? रबर चिकटवायचं द्रावण, चामड्याची सीट, दमट लोकर आणि पायाखाली घोड्यांची लीद. आता हे गडी नीट बघा. अंगात जाड स्वेटर, डोक्यावर टोपी, आणि खांद्यांवरून पाठीवर तिढा मारून गुंडाळलेले सुटे टायर. पंक्चर झालं तर रस्त्याच्या कडेला बसून ज्याचं त्याने निस्तरायचं. गिअर बदलणं म्हणजे तर वेगळाच सोहळा! मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दातेरी चकत्या, एक लहान, एक मोठी. चढ आला की खाली उतरायचं, चाक सोडवायचं, उलटं फिरवून बसवायचं. गारठलेल्या बोटांनी नट सोडवून बघा, मग कळेल.

कॅटलोनियाला सायकलवरून प्रदक्षिणा घालायची, असा हा बेत आहे. नाव व्होल्ता. पहिला टप्पा तारागोनापर्यंत, दुसरा लेइदापर्यंत आणि तिसऱ्या दिवशी परत बार्सिलोना. फ्रान्सची शर्यत १९०३ पासून धावतेय, इटलीची १९०९ पासून. टप्प्याटप्प्यांनी धावणाऱ्या ज्या शर्यती आजही टिकून आहेत, त्यांतल्या सगळ्यांत जुन्यांपैकी एक ही व्होल्ता. आज, या पहिल्या सकाळी, हे इथे कुणालाच ठाऊक नाही. कुणाला पाय चोळायचेत, कुणाला हवा भरायचीय.

चला, सुटले! मागच्या मोटारीत चढा आणि तोंडावर रुमाल बांधा. रस्ता खडी आणि मातीचा, आणि त्यावर पहिला हक्क खेचरांचा. दारूच्या पिंपांनी लादलेली गाडी आडवी आली की थांबायचं. गाडीवान शिव्या घालतो, कुत्रं पोटऱ्यांमागे धावतं, कोंबड्या उडतात. बेराची रोमन कमान येईपर्यंत तुमच्या दातांत वाळू करकरायला लागलेली असते. पुढे पॅडल मारणाऱ्यांचे तर पापण्यांचे केसही पांढरे झालेत.

तारागोनात पोटपूजा. पावावर लसूण घासलेला, वर टोमॅटोचा गर आणि हिरवट तेलाची धार. पिण्यासाठी पोर्रो नावाचं चोचीचं काचपात्र हातोहात फिरतं. ते तोंडाला लावायचं नाही, वरून धार धरायची. आपल्याकडे तांब्याने वरून पाणी प्यायची सवय असेल, तर तुमची इथे अब्रू राहील.

दुसऱ्या दिवशी द्राक्षमळ्यांत छाटलेल्या काड्यांचा धूर डोळ्यांत जातो. लेइदाच्या सपाटीवर हिवाळ्यात धुकं असं बसतं की टेकडीवरचं जुनं कॅथीड्रलही गायब. तिथे थांबा आणि फक्त ऐका. आधी कोरड्या साखळीची कुरकुर, मग खोकला, मग एकदम हातभर अंतरावरून वाफाळलेला माणूस निघून जातो. तेलाच्या घाण्यांचा उग्र वास मात्र धुक्यातही वाट चुकत नाही.

तिसरा टप्पा सगळ्यांत लांब, दीडशे किलोमीटरहून जास्त. इग्वालादाला पोहोचलात की नाक दाबाल, कारण ते कातडी कमावणाऱ्यांचं गाव आहे. सायकलस्वारांनी नाक दाबून कसं चालेल? त्यांना त्याच हवेत छाती भरून श्वास घ्यायचाय, पुढे ब्रुकचा चढ आहे. डावीकडे मोन्त्सेर्रातचे दातेरी सुळके उभे. कुणी वाकून पॅडल रेटतोय, कुणी सायकल ढकलत चालतोय. मला विचाराल तर खरी शर्यत बघायची जागा हीच. शेवटच्या रेषेपाशी जिंकणं दिसतं. इथे या माणसांनी त्यासाठी काय काय सोसलं, ते दिसतं.

आणि बार्सिलोना! टोप्या हवेत, बायका गॅलऱ्यांतून रुमाल हलवतायत, एक म्हातारा तुमच्या पायावर उभा राहून ओरडतोय. सेबास्तिया मस्देऊ पहिल्या व्होल्ताचा विजेता ठरला. त्याचा चेहरा चिखलाने इतका माखलाय की नुसते डोळे आणि दात ओळखू येतात. तुमच्या पुढ्यातल्या उघड्या गुडघ्यांच्या पोरांना मोठेपणी मारियानो कान्यार्दो नावाचा गडी हीच शर्यत सात वेळा जिंकताना दिसणार आहे. तूर्त मात्र ती मस्देऊच्या सायकलला हात लावून बघायला धडपडतायत.

निघू नका एवढ्यात. मागचे अजून यायचेत, कुणाचा टायर तिसऱ्यांदा बसला असेल, कुणाचं हँडल वाकलं असेल. त्यांनाही टाळ्या हव्यात. तो बघा, एक आलाच. आधी रस्त्यातून बाजूला व्हा!